एका म्यानात दोन तलवारी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण तुम्ही अनेकदा ऐकली असेल. एका गादीवर दोन राजे बसले म्हणजे काय होते, हे इतिहासाच्या तासाला तुम्ही शिकलाच आहात. परंतु सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वी काही चतुर माणसांनी एकाच यंत्राच्या पेटीत दोन निरनिराळे मेंदू नांदवून दाखवले. ते कसे नांदवले आणि तशी पेटी आज जुळवावयाची झाल्यास काय काय करावे लागते, हे या पाठात पाहू.

मी जन्मभर भाषा शिकवली, यंत्रे नव्हे. तथापि निवृत्तीनंतर कन्येकडे कॅलिफोर्नियात काही महिने राहण्याचा योग आला, तेव्हा शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांच्या घरी मी हा सारा प्रकार डोळ्यांनी पाहिला. गृहस्थ व्यवसायाने अभियंते होते. त्यांच्या दिवंगत पत्नीने १९८३ साली आपल्या मुलांसाठी काही गोष्टी लिहिल्या होत्या. त्या कागदावर नव्हत्या. एका काळ्या, लवचीक चकतीवर, म्हणजे फ्लॉपीवर होत्या. चकती जुनी झाली होती आणि ती वाचू शकणारे यंत्र माळ्यावर धूळ खात पडले होते. “बाबा, तुम्हीही चला, नवलाचे यंत्र आहे,” असे म्हणून जावयांनी मला सोबत नेले.

ते यंत्र होते ॲपल टू प्लस. मूळचा ॲपल टू हा घरगुती संगणक १९७७ साली बाजारात आला. त्याचा आराखडा स्टीव्ह वॉझ्निॲक यांचा. त्याची सुधारलेली आवृत्ती १९७९ साली निघाली, ती ही. संगणकात जो भाग बेरजा-वजाबाक्या करतो, आज्ञा वाचतो आणि इतर भागांना कामाला लावतो, त्यास प्रोसेसर म्हणतात. ॲपलचा प्रोसेसर ‘६५०२’ या नावाचा होता. चक पेडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९७५ साली तयार केला आणि अवघ्या २५ डॉलरांना विकावयास काढला. इतर प्रोसेसरांची किंमत त्या वेळी याच्या अनेकपट असे. एवढा स्वस्त मेंदू मिळाला, म्हणूनच संगणक सामान्य माणसाच्या घरात आला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पण स्वस्ताईची एक किंमत असते. त्याच काळात व्यापारी पेढ्यांत आणि कचेऱ्यांत ‘सीपी/एम’ नावाची व्यवस्था रूढ झाली होती. गॅरी किल्डॉल यांनी ती १९७४ साली रचली. चकतीवरील मजकूर नीट लावून ठेवणे, हवा तेव्हा काढून देणे, हे तिचे काम. पत्रे व लेख लिहिण्यासाठी वर्डस्टार, नोंदी ठेवण्यासाठी डीबेस टू, असे नामांकित कार्यक्रम याच व्यवस्थेवर चालत. परंतु हे सर्व कार्यक्रम इंटेलच्या ८०८० या प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेले होते. ही भाषा ६५०२ ला अवगत नव्हती. ८०८० ची भाषा जाणणारा आणि शिवाय आपली चार वाक्ये अधिक बोलणारा आणखी एक प्रोसेसर होता. तो म्हणजे झेड ८०. फेडेरिको फॅगिन यांच्या झायलॉग या कंपनीने तो १९७६ साली आणला. तो किती चिवट निघाला पाहा! त्याचे उत्पादन थेट २०२४ सालापर्यंत चालू होते.

तेव्हा ॲपल घेतलेल्या लोकांची स्थिती अशी झाली की, हातात दिवा आहे, पण शेजारच्या खोलीतील ग्रंथालयास कुलूप आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीचीही अडचण तीच होती, फक्त उलट बाजूने. तिच्याजवळ ८०८० च्या भाषेतील पुष्कळ माल तयार होता आणि ॲपलचे गिऱ्हाईक तो घेऊ शकत नव्हते. सारा माल ६५०२ च्या भाषेत पुन्हा लिहावयाचा म्हणजे वर्षानुवर्षांचे काम. तेव्हा कंपनीचे एक संस्थापक पॉल ॲलन यांच्या मनात आले की, ग्रंथांचे भाषांतर करीत बसण्यापेक्षा वाचकाच्या घरी दुभाषीच पाठवला तर? टिम पॅटरसन यांनी पहिले नमुने बनवले, डॉन बर्टिस यांनी काम तडीस नेले आणि १९८० साली ‘सॉफ्टकार्ड’ नावाचे कार्ड बाहेर पडले. कार्डावर झेड ८०, सोबत सीपी/एमच्या चकत्या व बेसिक ही भाषा. किंमत ३४९ डॉलर. आज्ञावल्या लिहिणारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मायक्रोसॉफ्टने विकलेली ही पहिली यंत्रवस्तू होय, आणि त्या वर्षी कंपनीला सर्वांत अधिक उत्पन्न तिनेच मिळवून दिले.

आता शेजाऱ्यांच्या टेबलाकडे वळू.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती यंत्रास हात लावण्यापूर्वीची. पत्नीच्या गोष्टींची फ्लॉपी त्यांनी हातात घेतली आणि तिच्या कडेवरील लहानशा चौकोनी खाचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला. ही खाच झाकली म्हणजे यंत्र त्या चकतीवरून वाचू शकते, परंतु तीवर लिहू शकत नाही. चुकून दिलेल्या एखाद्या आज्ञेने मजकूर पुसला जाण्याचे भय राहत नाही.

मग वीज. अशा जुन्या यंत्रांच्या वीजपेटीतील काही घटक काळाने तडकतात आणि वीज देताच धूर सोडतात. म्हणून वीजपेटीचे काम त्यांनी आधीच जाणकाराकडून करून घेतले होते. असे काम मुलांनी तर नाहीच, पण माहिती नसलेल्या मोठ्यांनीही करू नये. खटका बंद आहे ना, हे त्यांनी दोनदा पाहिले. संगणकाचे झाकण मागच्या कडेने उचलून काढले आणि आतील वीजपेटीच्या धातूच्या आवरणावर क्षणभर बोट टेकवले. मी विचारले, हा कसला नमस्कार? ते हसून म्हणाले, माझ्या अंगावरची वीज मी जमिनीत सोडून देत आहे. कोरड्या दिवसांत लोकरीचे कपडे काढताना चटचट ठिणग्या उडतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. तेवढी ठिणगी आपणांस मुंगीच्या चाव्याइतकीही लागत नाही. मात्र प्रोसेसरच्या सूक्ष्म रचनेला ती वज्राघातासारखी असते.

पेटीच्या आत, मागील बाजूस, आठ लांबट खाचा एका ओळीत होत्या. त्यांस ० ते ७ असे क्रमांक आहेत. प्रत्येक खाचेत ५० स्पर्शबिंदू, दोन्ही बाजूंस पंचवीस-पंचवीस. कोणते कार्ड कोठे बसवावे याचा रिवाज ठरलेला असे. शून्य क्रमांकात अधिक स्मृतीचे ‘लँग्वेज कार्ड’, पहिल्यात छपाईयंत्राचे, तिसऱ्यात पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरे दाखवणारे, सहाव्यात फ्लॉपी चालवणारे. सॉफ्टकार्ड बहुधा चौथ्या खाचेत बसवीत. शेजाऱ्यांनी कार्डाच्या सोनेरी दातांवरील काजळी स्पिरिटात बुडवलेल्या मऊ कापडाने पुसली. कार्डावरील घटकांची बाजू उजवीकडे, म्हणजे वीजपेटीपासून दूर, ठेवून ते खाचेवर सरळ धरले आणि दोन्ही टोकांवर सारखाच भार देऊन हळूहळू खाली दाबले. कार्ड तिरपे बसले किंवा उलटे बसले, तर नको त्या बिंदूला नको ती वीज मिळते. फ्लॉपीच्या चालकाची चपटी केबल लावतानाही त्यांनी डोळ्यांना भिंग लावून टाचण्या मोजल्या. एक ओळ सरकली तर चालकातील एक घटक जागच्या जागी जळतो. आमच्या लहानपणी रेडिओत सेल उलटे घातले तर रेडिओ फक्त मुका होई. येथे तशी दयामाया नाही.

खटका चालू केला. यंत्राने एकदा ‘टूं’ असा आवाज दिला, चालक घरघरला, त्यावरील लाल दिवा लागला. आणि पुढे काही झाले नाही. पडदा तसाच.

मला वाटले, संपले. परंतु शेजाऱ्यांनी घाई केली नाही. त्यांनी खटका बंद केला, सॉफ्टकार्ड बाहेर काढून बाजूस ठेवले आणि ॲपलची स्वतःची चकती घालून यंत्र पुन्हा सुरू केले. ते उत्तम चालले. म्हणजे संगणक ठीक, चालक ठीक, पडदा ठीक. दोष असेल तर तो नव्या पाहुण्याकडे आहे. वैद्य जसा एकेक अवयव तपासून रोगाचे ठिकाण निश्चित करतो, तशी ही रीत. मग त्यांनी कार्ड दिव्याखाली धरले. त्यावर चार अगदी चिमुकल्या कळा होत्या. नेहमीच्या कामासाठी या चारही कळा बंद असाव्या लागतात. पुसताना कापडाच्या धक्क्याने त्यांतील एक सरकून चालू झाली होती.

एवढ्याशा कळीने सारे काम का अडावे? त्याचे उत्तर समजण्यासाठी दोन प्रोसेसर एका घरात कसे राहतात हे समजून घेतले पाहिजे. या विषयाचे खरे मर्म तेथेच आहे.

एका वर्गात दोन शिक्षक आहेत, पण फळा एकच, अशी कल्पना करा. दोघेही एकाच वेळी लिहू लागले तर फळ्यावर गिचमीड होईल. म्हणून एक लिहीत असता दुसऱ्याने खुर्चीवर बसून राहावे, असा नियम केला. सॉफ्टकार्डाची व्यवस्था अशीच आहे. कार्डावर स्वतःची स्मृती नाही. झेड ८० ला ॲपलचीच स्मृती वापरावी लागते. यंत्र सुरू होताना फळा ६५०२ कडे असतो. त्याने ५०१७६ या क्रमांकाच्या घरात काहीही लिहिले, की चौथ्या खाचेतील कार्ड जागे होते, झेड ८० फळ्याशी येतो आणि ६५०२ खुर्चीवर बसतो. झेड ८० ने उलट ५८३६८ या घरात लिहिले, की पुन्हा अदलाबदल. गंमत अशी की, ही दोन घरे वस्तुतः एकच आहेत! घर एक आणि क्रमांक दोन, हे कसे?

ॲपलच्या स्मृतीत एकंदर ६५,५३६ घरांचे क्रमांक आहेत. त्यांच्या सोळा आळ्या पाडू. प्रत्येक आळीत ४,०९६ घरे आणि आळ्यांचे क्रमांक ० ते १५. आता अडचण पाहा. ६५०२ ला आपली टिपणे ठेवण्यास शून्य क्रमांकाच्या आळीतील अगदी आरंभीची घरेच लागतात. पडद्यावरची अक्षरेही त्याच आळीत १०२४ पासून २०४७ पर्यंतच्या घरांत राहतात. इकडे सीपी/एमचा हट्ट असा की, आपले पहिले निशाण शून्य क्रमांकाच्या घरावर लागले पाहिजे आणि प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात २५६ व्या घरापासून झाली पाहिजे. दोघांनाही एकच ओसरी हवी! येथे दोन तलवारी एकमेकींवर आदळणार हे उघड आहे.

सॉफ्टकार्ड करणाऱ्यांनी या भांडणावर जो तोडगा काढला, तो मला एखाद्या जुन्या गावच्या शहाण्या पाटलाच्या निवाड्यासारखा वाटतो. त्यांनी कोणाचेही घर हलवले नाही. फक्त झेड ८० ला दाखवल्या जाणाऱ्या पाट्या बदलल्या. झेड ८० ने ‘शून्य क्रमांकाची आळी’ असे म्हटले, की कार्ड गुपचूप त्याला खऱ्या पहिल्या आळीत नेते. त्याची पहिली ती खरी दुसरी, आणि असेच पुढे त्याच्या दहाव्या आळीपर्यंत. त्याच्या ११, १२, १३ या आळ्या म्हणजे खऱ्या १३, १४ व १५. कळफलक आणि आठही खाचा यांची दारे जेथे आहेत ती खरी बारावी आळी झेड ८० ला चौदावी म्हणून दिसते; ५०१७६ आणि ५८३६८ या एकाच घराच्या दोन पाट्यांचे रहस्य हेच. उरली ६५०२ ची खाजगी शून्य आळी. ती झेड ८० च्या दृष्टीने अगदी गावकुसाबाहेर, पंधराव्या क्रमांकावर जाते. तेथे तो सहसा फिरकत नाही.

याचा पडताळा तुम्ही पाटीवर घेऊ शकाल. लँग्वेज कार्ड नसलेल्या ॲपलमध्ये लिहिण्याजोग्या स्मृतीच्या आळ्या ० ते ११, म्हणजे बारा. संगणकाच्या भाषेत एक आळी ४ ‘के’ची, तेव्हा एकूण ४८ के. त्यांतून ६५०२ ची शून्य आळी वजा केली की ४४ के उरतात. अशा यंत्रावरील सीपी/एमला ‘४४ के’ असेच म्हणत. लँग्वेज कार्ड बसवले की १३, १४, १५ या तीन आळ्या मिळून १२ के वाढतात आणि ती व्यवस्था ‘५६ के’ची होते.

शेजाऱ्यांच्या कार्डावर जी कळ सरकली होती, तिचे काम या पाट्या बदलणे चालू वा बंद करणे हेच होते. पाट्या बदलल्याच नाहीत; झेड ८० जागा झाला आणि आपल्या आज्ञा शोधत सरळ ६५०२ च्या ओसरीत शिरला. तेथे त्याला त्याच्या भाषेतले काहीच सापडेना, मग पुढे काय होणार?

आणखी एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. आमचा ६५०२ खुर्चीवर बसतो खरा, परंतु त्याला गाढ झोप चालत नाही. त्याच्या आतील आकडे फुटक्या माठातील पाण्यासारखे झिरपून जातात. घड्याळाचा ठोका मिळत राहिला तरच ते टिकतात. इकडे झेड ८० च्या कामात, स्मृती ताजी करण्यासाठी राखलेले लहान लहान क्षण येत असतात. सॉफ्टकार्ड तेवढ्या क्षणांत ६५०२ ला एखादा ठोका देऊन घेते. रात्रपाळीच्या जोडीदाराला कोपराने हलवून जागे ठेवावे, तसे.

आणि त्याला जागे ठेवणे अगत्याचेही आहे, कारण फ्लॉपी वाचण्याचे काम झेड ८० ला मुळीच येत नाही. वॉझ्निॲक यांनी १९७८ साली चालकाचा जो आराखडा केला, त्यात थोडे घटक वापरून बाकीचे काम आज्ञावलीवर सोपवले होते. चकतीवरून दर ३२ मायक्रोसेकंदांनी आठ खुणांचा एक गट येतो. तो नेमक्या क्षणी उचलण्यासाठी ६५०२ च्या आज्ञा ठोके मोजून लिहिलेल्या आहेत. ही लय दुसऱ्या प्रोसेसरला साधत नाही. म्हणून झेड ८० ला चकतीवरील मजकूर हवा झाला, की तो आपली मागणी स्मृतीत लिहून ठेवतो आणि फळ्यावरून दूर होतो. ६५०२ उठतो, मजकूर आणून ठेवतो आणि पुन्हा बसतो. दुय्यम ठरवलेला जुना नोकर असा घरातील सर्वांत नाजूक काम सांभाळून असतो.

कळ जागेवर आली. कार्ड पुन्हा बसले. या वेळी चालक घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. पडद्यावर सीपी/एमचे नाव उमटले आणि खाली ‘ए’ हे इंग्रजी अक्षर व त्यापुढे बाणासारखी खूण दिसली. ‘ए’ चालक तयार आहे, आज्ञा करा, असा तिचा अर्थ. गृहस्थांनी लगेच गोष्टींची फ्लॉपी घातली नाही. प्रथम एक निरुपयोगी चकती वाचून पाहिली, चालकाचे डोके तपासले आणि मगच ती दुसऱ्या, म्हणजे ‘बी’ चालकात सरकवली. जुन्या चकतीवरचा तपकिरी थर कधीकधी सुटून डोक्याला चिकटतो आणि पुढच्या चकतीला ओरखडे पाडतो. यादीची आज्ञा दिली. अकरा नावे आली.

नावे वाचताना ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

‘पिप’ ही सीपी/एममधील नक्कल करण्याची आज्ञा आहे. तिने एकेक गोष्ट नव्या चकतीवर उतरवावयास त्यांनी सुरुवात केली. पहिल्या सहा विनाविघ्न उतरल्या. सातव्या गोष्टीला चालक अडखळला, मागेपुढे खरखरला आणि पडद्यावर ‘बॅड सेक्टर’ अशी अक्षरे आली. चकतीचा तेवढा तुकडा खराब झाला होता. ॲपलची ही चकती ३५ वर्तुळांत आणि प्रत्येक वर्तुळ १६ तुकड्यांत विभागलेले असते; एका तुकड्यात २५६ अक्षरे मावतात. तुम्ही गुणाकार केलात तर १,४३,३६० हे उत्तर येईल. एवढ्यांतील २५६ अक्षरे रुसली, तरी संपूर्ण गोष्टीची नक्कल अडून बसते. गृहस्थांनी ती गोष्ट तूर्त बाजूस ठेवून उरलेल्या चार उतरवून घेतल्या. मग चकती काढून, थंड होऊ देऊन, चालकाचे डोके पुन्हा स्पिरिटाने पुसून त्यांनी सातव्या गोष्टीचा प्रयत्न केला. दुसऱ्या खेपेस नाही. तिसऱ्यासही नाही. पाचव्या खेपेस चालक त्याच ठिकाणी खरखरला, क्षणभर थांबला आणि पुढे गेला.

पहिल्या खाचेतील छपाईयंत्राला जोडलेल्या लांबलचक कागदावर गोष्टी उतरू लागल्या, तेव्हा बाहेर अंधार पडला होता. टिकटिक करीत ओळीमागून ओळ येत होती. सातवी गोष्ट एका कोल्ह्याची होती. तिच्या शेवटी, कंसात, मुलांना उद्देशून एक ओळ लिहिलेली होती, ती गृहस्थांनी मला वाचून दाखवली: “उरलेली उद्या रात्री सांगेन.” त्यांनी कागद फाडून घडी केला, यंत्राचा खटका बंद केला आणि कार्ड खाचेतच राहू देऊन झाकण लावले.